लेन्सचा हूड अडकलाय? आधी जोर लावणं थांबवा

हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी आणि बाजूचा उजेड अडवणारी कडी, निघत नाही, ही तक्रार उन्हाळ्यात आणि यात्रा-उत्सवांच्या दिवसांत हमखास येते. ताडोबाच्या जिप्सीत दिवसभर धूळ खाल्लेली ७०-३०० मिमीची झूम लेन्स, सोमवतीला जेजुरीच्या भंडाऱ्यात न्हालेली १८-१४०, तारकर्लीच्या वाळूत टेकवलेली, कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स. लक्षण एकच, पण कारणं चार-पाच निघतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. धुळीने अडकलेल्या हूडला जो उपाय चालतो तो पडून वाकलेल्या हूडला केला, तर लेन्सची पुढची रिंग हातात येते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे. हूड अडकतो तो जोर कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा जोर चुकीच्या जागी लागतो आणि त्या जोरानेच तो आणखी आवळत जातो. त्यामुळे दोन-तीनदा पिळून हलला नाही तर हात काढा, चहा घ्या आणि मग नीट बघायला बसा.

हूड कोणत्या जातीचा आहे ते बघा

हे वाचून हसाल, पण बटण न दाबता हूड पिळणारे लोक मी बरेच पाहिलेत. कॅननच्या ईडब्ल्यू-८३एमसारख्या अलीकडच्या हूडना बाजूला छोटं बटण असतं. सोनीच्या ७०-२०० एफ/२.८ जीएमच्या हूडलाही आहे. शिवाय त्या सोनीच्या हूडला पोलरायझर (लेन्सपुढे बसणारा, चकाकी कमी करणारा फिल्टर) फिरवण्यासाठी एक खिडकी असते, आणि घाईत काही जण तिलाच बटण समजतात. बटण पूर्ण आत दाबून धरायचं आणि मगच फिरवायचं. बटणातच धूळ बसली असेल तर ते अर्धवट दबतं. अशा वेळी हूड सोडा, आधी बटणाच्या कडेने ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा आणि ते दहा-वीस वेळा नुसतं दाबून-सोडून मोकळं करा.

निकॉनवाल्यांना एक सोय आहे. हूडवरच्या कोडची दोन अक्षरं तो कसा बसतो ते सांगतात. एचबी म्हणजे खाचेत फिरवून बसणारा, एचएन म्हणजे आट्यांचा, एचएस म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबून काढायचा, एचआर म्हणजे आट्यांचा रबरी, एचके म्हणजे नुसता सरकवून बसणारा. आजोबांच्या किंवा मामांच्या कपाटातून निघालेल्या जुन्या ५० मिमीवर एचएस असेल तर तो पिळायचा नसतोच, बाजूच्या दोन कळा दाबून सरळ पुढे ओढायचा. कॅननच्या कोडमधलं दुसरं अक्षर, म्हणजे डब्ल्यू, एस किंवा टी, फक्त वाइड, स्टँडर्ड की टेली एवढंच सांगतं. बसण्याच्या पद्धतीबद्दल त्यातून काही कळत नाही.

दिशा

हल्लीचे बरेचसे हूड लेन्सकडे समोरून पाहिलं तर बाटलीचं झाकण उघडतो त्याच दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, सुटतात. पण कॅमेरा हातात असतो तेव्हा आपण मागून बघत असतो आणि मागून तीच दिशा घड्याळाच्या काट्यांची दिसते. अर्धे लोक इथेच घोटाळा करतात आणि हूड काढण्याऐवजी शेवटच्या टोकाला आणखी घट्ट दाबतात.

आपल्या हूडची दिशा नक्की करायची तर खुणा बघा. हूड सरळ लावलेला असताना लेन्सवरच्या ठिपक्यासमोर हूडवरची बंद झाल्याची खूण आलेली असते. लावायची खूण, बहुधा ठिपका किंवा रेघ, बाजूला सरकलेली दिसते. ती पुन्हा लेन्सच्या ठिपक्यासमोर आणायची आहे, म्हणजे दिशा कळली.

हूड उलटा, म्हणजे पिशवीत ठेवताना पाकळ्या मागे करून लावतात तसा, लावलेला असेल तर मात्र या खुणांवर विसंबू नका. हूड उलटला की खुणांचा क्रमही आरशासारखा उलटतो. सुटण्याची दिशा बदलत नाही, कारण खाचा लेन्सवर आहेत आणि लेन्स काही उलटलेली नाही. सरळ हूड समोरून ज्या दिशेने सुटतो त्याच दिशेने उलटाही सुटतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

पकड: खरी गोम इथे आहे

पाकळ्यांचा हूड म्हणजे पातळ प्लास्टिकची कडी. तिला दोन बोटांनी समोरासमोर दाबलं की ती लंबगोल होते. दाबल्या जागी आत येते आणि काटकोनात बाहेर फुगते. आत आलेला भाग लेन्सच्या नळीवर घासतो आणि हूडचे दात खाचेच्या भिंतीवर तिरपे बसतात. आपण जितकं घट्ट धरतो तितकं घर्षण वाढतं. हात घामट असेल तर बोटं घसरतात, मग आणखी आवळून धरतो, आणि चक्र सुरू होतं.

म्हणून पाकळ्यांना हात लावायचाच नाही. हूडचा सगळ्यात कडक भाग म्हणजे दात असलेली बुडाची कडा, पकड तिथेच घ्यायची. हूड सरळ असेल तर ही कडा लेन्सच्या तोंडापाशी असते. उलटा असेल तर तीच कडा सगळ्यात पुढे येते आणि पाकळ्या मागे झूम रिंगवर पसरलेल्या असतात. उलटा हूडच जास्त वेळा का अडकतो याचं उत्तर यातच आहे. हाताला सोयीच्या पाकळ्या लागतात, आपण त्या धरतो आणि त्या आत वाकून झूम रिंगलाही आवळतात. हूड आणि लेन्स दोन्ही एकाच मुठीत! मग काय फिरणार?

बरोबर पकड अशी: लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, मागची टोपी लावा. झूम असेल तर नळी आत जाईल तितकी आत घ्या. टेबलावर जाड पंचा घडी करून ठेवा, त्यावर लेन्स तोंड वर करून उभी ठेवा. एका हाताने माउंटजवळचा, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या टोकाचा, न फिरणारा भाग धरा. दुसऱ्या हाताचा पंजा वरून पसरून पाचही बोटं कडेभर सारख्या अंतरावर टेकवा. दाब सगळीकडून थोडा-थोडा हवा, कुठेच जास्त नको. मग झटका न देता फिरवा.

बोटं घसरत असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून कडेभोवती एकच वेढा द्या. भाजीच्या जुड्यांना येणारे रुंद रबरबँडही चालतात. पट्टीमुळे पकड मिळते आणि आवळायची गरज कमी होते, त्यामुळे कडी गोल राहते. माझ्या अनुभवात अडकलेले बहुतेक हूड या पायरीला निघतात, पुढचं वाचायची वेळच येत नाही. (कुकरची रिंग वापरून बघू नका, ती फार मोठी पडते आणि घरच्यांना ती संध्याकाळी हवी असते.)

लेन्स कॅमेऱ्यावरून काढायला सांगतोय त्याला कारण आहे. कॅननची लेन्स समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने निघते, निकॉनच्या एफ माउंटची त्याच्या विरुद्ध. हूडची आणि लेन्सची सुटायची दिशा एकच असेल, तर तुमचा सगळा पीळ माउंटच्या छोट्याशा कुलूप-पिनेवर येतो. ती पीळ सोसण्यासाठी बनवलेली नाही.

जुन्या किट लेन्सना आणखी एक धोका आहे. कॅननची जुनी १८-५५ आयएस किंवा निकॉनची जुनी १८-५५ व्हीआर फोकस करताना पुढचं तोंडच फिरवते. म्हणून तर त्यांचे हूड पाकळ्यांचे नसून गोल असतात, पाकळ्या फिरून फोटोच्या कोपऱ्यात आल्या असत्या. अशा लेन्सवर हूड पिळलात तर पीळ थेट फोकसच्या दातेरी चक्रांपर्यंत जातो. आधी लेन्सवरचा स्विच एमएफवर, म्हणजे हाताने फोकसवर, करा, तोंड ज्या बाजूला सुटायचं आहे त्या बाजूला टोकापर्यंत अलगद फिरवून घ्या आणि हूडच्या अगदी मागची फिरती रिंग दुसऱ्या हाताने धरून ठेवा. माउंटजवळ धरून इथे उपयोग नाही.

हलतो का, किती हलतो, आवाज काय येतो

पकड नीट घेऊनही निघाला नाही, तर आता निदान करू.

करकर आवाज येत असेल तर खाचेत वाळू किंवा धूळ आहे. थोडा फिरून ठराविक जागी थांबत असेल तर दात वाकलाय, तुटलेला तुकडा खाचेत पडलाय किंवा फिल्टर आड येतोय. अजिबात हलत नसेल आणि आवाजही नसेल, तर मीठ, साखर असं काही वाळून चिकटलंय किंवा पडल्यामुळे कडी वाकली आहे. आणि हूड नुसताच गोल-गोल फिरतोय, सुटत नाही, असं असेल तर लगेच थांबा. बहुधा लेन्सची पुढची रिंगच सैल होऊन हूडबरोबर फिरते आहे. हे घरचं काम नाही.

वाळू-धुळीसाठी लेन्सचं तोंड जमिनीकडे धरा, म्हणजे निघालेला कण बाहेर पडेल, आत जाणार नाही. हूड आणि लेन्समधल्या फटीत सगळीकडून ब्लोअर मारा, मग कोरड्या मऊ टूथब्रशने फट झाडा. आता एकाच दिशेने जोर न लावता मिलिमीटरभर इकडे, मिलिमीटरभर तिकडे असं हलवत राहा. कण चिरडायचा नाही, त्याला वाट करून द्यायची. मधेमधे पुन्हा ब्लोअर. याला दहा-पंधरा मिनिटं लागली तर लागू द्या.

पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून घेणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. नको. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, आणि तिचा दाब इतका असतो की धूळ खाचेतून निघून लेन्सच्या आत जाऊन बसते. डब्यातल्या हवेचंही तसंच, डबा तिरपा झाला की आतला द्रव काचेवर उडतो.

भंडारा आणि गुलाल यांची तऱ्हा वेगळी. भंडारा इतका बारीक की ब्रशला दाद देतो, पण ओला झाला की लगदा होतो आणि तो वाळला की पक्का बसतो. त्यामुळे यात्रेहून आल्यावर ओल्या फडक्याने पुसायची घाई करू नका. आधी सगळं कोरडं झाडायचं. हूड निघाल्यावर उरलेला डाग पुसा.

समुद्रावरून आलेल्या लेन्सला मात्र पाणीच लागतं. मीठ पाण्यात विरघळतं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही. मिठाने धरलेल्या हूडवर अल्कोहोल फिरवत बसणारे वेळ आणि पैसे दोन्ही घालवतात. इअरबड साध्या फिल्टरच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या, नुसता ओलसर राहू द्या आणि फटीवरून फिरवा. पाच मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा. लेन्स तोंड खाली करूनच, म्हणजे पाणी आत उतरणार नाही. शहाळं, उसाचा रस किंवा लग्नातलं सरबत सांडलं असेल तरी हाच उपाय. तेलकट किंवा सनस्क्रीनचा थर असेल तर तिथे अल्कोहोल कामाचं, तेही बोळ्यावर दोन थेंब, धार नव्हे.

आता जे अजिबात करायचं नाही ते. डब्ल्यूडी-४० नको, शिवणयंत्राचं तेल नको, खोबरेल तर नकोच. तेल जिथे टाकलं तिथे राहत नाही. ते पसरत आत जातं, अ‍ॅपर्चरच्या (उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर पोचलं की पाती चिकटतात, आणि मग हूडचा प्रश्न लहान वाटायला लागतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनरही नको, त्यांनी हूडचं आणि लेन्सचं दोन्ही प्लास्टिक विरघळून एकजीव होईल.

उष्णतेचा उपाय, आणि फ्रिजचा

हूड लेन्सच्या बाहेरून बसतो, म्हणून तो थोडा प्रसरण पावला तर सैल होतो. हूड बहुधा पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकचा असतो आणि ते अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावतं. ७२ मिमी व्यासाचा हूड २० अंशांनी तापला तर व्यास साधारण ०.१ मिमी वाढतो. तेवढ्याच तापमानवाढीत अ‍ॅल्युमिनियमची नळी ०.०३ मिमी वाढते. आकडा क्षुल्लक दिसतो, पण खाचेतली मोकळी जागाही तेवढीच क्षुल्लक असते.

लेन्सची नळीही प्लास्टिकची असेल, आणि स्वस्त लेन्सची असतेच, तर दोन्ही सारखेच तापवून फायदा नाही. फक्त हूड पटकन गरम व्हायला हवा. इस्त्रीने कोमट केलेला रुमाल हूडच्या बुडाभोवती मिनिटभर गुंडाळा आणि काढल्या-काढल्या फिरवून बघा. हाताला सोसवेल इतकंच गरम. हेअर ड्रायर, गॅस, मेणबत्ती यांच्या वाटेला जाऊ नका. भर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर लेन्स ठेवूनही नाही, तिथे हूडबरोबर आतलं ग्रीसही पातळ होतं.

लेन्स फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला फिरतो तो मुळात आट्यांच्या फिल्टरसाठी. फिल्टर लेन्सच्या आतून बसतो, तो आकसला तर सैल होईल असा हिशोब. हूडसाठी हा हिशोब बरोब्बर उलटा पडतो, थंड झालेला हूड लेन्सला आणखी आवळेल. आणि फिल्टरसाठीही मुंबई-कोकणाच्या हवेत मी हे करणार नाही. फ्रिजमधून काढलेल्या लेन्सवर आत-बाहेर दव धरतं, आणि ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण. बुरशी साफ करायचा खर्च हूडच्या किमतीत बसत नाही.

फिल्टर आड येतोय का

हे कारण लवकर लक्षात येत नाही. हूड लेन्सवरून पुढच्या दिशेने निघतो. त्याच्या वाटेत हूडच्या आतल्या व्यासापेक्षा रुंद काही असेल तर दात सुटले तरी हूड बाहेर येणार नाही. ६७ मिमी फिल्टरची लेन्स, तिच्यावर हूड, आणि नंतर कोणीतरी मोठा फिल्टर बसवायला ६७ वरून ७७ करणारी स्टेप-अप रिंग चढवली, की हूड कोंडला. आधी रिंग काढायची, मग हूड. पोलरायझरच्या जाड कडेवर हूड घासत असेल तर दोन्ही बरोबरच फिरतात आणि हूड अडकल्यासारखा वाटतो. समोरून एका बोटाने पोलरायझरची पुढची रिंग स्थिर धरून हूड फिरवा.

फिल्टर किंवा आट्यांचा धातूचा हूडच अडकला असेल तर तिथेही शत्रू तोच, लंबगोल कडी. फिल्टरची कडा तर हूडहून पातळ. लेन्सची टोपी काढा, स्वच्छ रबरी चपलेचा सपाट तळ किंवा जाड रबरी मॅटचा तुकडा फिल्टरच्या कडेवर सपाट टेकवा. काचेला नाही, कडेला. तळहाताने समान दाब देऊन फिरवा. आटे तिरपे चढलेले असतील तर आधी घट्ट करायच्या दिशेने अगदी किंचित हलवा, मग उलट. ४९ ते ७७ मिमीच्या बहुतेक फिल्टरच्या आट्यांची चाल, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७५ मिमी असते. एवढ्या बारीक आट्यात तिरपी घुसवलेली कडी जोराने ओढली तर लेन्सचे प्लास्टिकचे आटे खरवडले जातात. फिल्टर काढायचे प्लास्टिकचे पाने जोडीने मिळतात, वर्षातून दोनदा जरी लागत असतील तरी घेऊन ठेवा.

पडून वाकलेला हूड

लेन्स तोंडावर पडली आणि हूड वाकला, तर त्याने आपलं काम केलं. आता त्याला वाचवायचा हट्ट धरू नका. इतर कंपन्यांचा तसाच हूड काहीशे रुपयांत मिळतो, पुढची रिंग बदलायला त्याच्या कित्येक पट लागतात. भाड्याची लेन्स असेल तर मात्र काहीही कापायच्या आधी देणाऱ्याला फोन करा.

आपलीच असेल तर: लेन्सला टोपी लावा, टोपी लागत नसेल तर जाड कागद ठेवा, आणि हूड व नळीमधली फट मास्किंग टेपने बंद करा. प्लास्टिकचा कीस आत जाता कामा नये. छोट्या निपरने पाकळीच्या टोकापासून बुडाकडे तुकडे तोडत या. बुडाच्या कडेपाशी आलात की हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने समोरासमोर दोन जागी अर्ध्या जाडीपर्यंत चीर द्या, आरपार नको. मग बोटांनी बाहेरच्या दिशेने वाकवलं की कडी चिरेवर तुटते आणि दोन अर्धे वेगळे होतात. उलट्या हूडच्या पाकळ्या झूम रिंगवर असतात, तिथे खाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवल्याशिवाय पातं लावू नका. सोल्डरिंग गनने वितळवून कापायचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

लेन्सच्या खाचेचाच ओठ तुटला असेल, किंवा पुढची रिंग हलत असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची दुकानं आणि दुरुस्तीवाले दोन्ही आहेत. नेताना तुटलेले तुकडे पुडीत घालून न्या, कुठला तुकडा हूडचा आणि कुठला लेन्सचा ते त्यांना लगेच कळतं.

हूड निघाल्यावर दात तपासा. एखाद्या दाताची कड पांढरट झाली असेल तर प्लास्टिक ताणलं गेलंय, तो हूड पुढच्या वेळी तुटेल किंवा पुन्हा अडकेल. लेन्सची खाच कोरड्या ब्रशने साफ करून मगच हूड चढवा. धातूच्या आट्यांच्या हूडला किंवा फिल्टरला आट्यांवर मऊ पेन्सिलचं शिसं हलकं घासून जास्तीचं पुसून टाकलं तर तो सहज फिरतो. प्लास्टिकच्या खाचेच्या हूडला याची गरज नाही.

नवीन हूड घेताना लेन्स बरोबर न्या आणि दुकानातच सरळ आणि उलटा, दोन्ही बाजूंनी चढवून-उतरवून बघा. बाहेरच्या कंपनीचा हूड सरळ छान बसतो आणि उलटा लावला की कचकन अडकतो, असं पुष्कळदा होतं. दुकानदार म्हणेल, वापरून सैल होईल. दुसरा नग मागा.